मुंबईतल्या घरगुती मैफली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगाव, दादर, पार्ले, चेंबूर अशा भागांत आम्ही काही मित्रमंडळी घराघरांतून छोट्या मैफली करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मेलवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आधी ऐकायला येणाऱ्यांचे प्रश्न, मग स्वतःच्या घरी मैफल ठेवू पाहणाऱ्यांचे, आणि कायद्याचे नि अडचणीचे शेवटी.

घरगुती मैफल म्हणजे नेमकं काय? नाट्यगृहातल्या कार्यक्रमापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

कुणाच्या तरी दिवाणखान्यात, वाचनालयाच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात तीस-चाळीस माणसं सतरंजीवर बसतात आणि चार-पाच हातांवर कलाकार गातो किंवा वाजवतो. षण्मुखानंदमध्ये अडीच हजारांहून जास्त खुर्च्या आहेत. एनसीपीएचं एक्सपेरिमेंटल थिएटर तीनशेच्या आसपास, जुहूचं पृथ्वी दोनशेच्या आसपास, आणि त्यांना आपण छोटी म्हणतो. आमची खोली त्याहून कितीतरी लहान.

आकार बदलला की ऐकणंही बदलतं. गायिका श्वास कुठे घेते, तान घ्यायच्या आधी तबलजीकडे कशी बघते, पेटीवाला एखादा सूर सोडून देऊन तिला वाट कशी देतो, हे सगळं दिसतं. तसंच तिलाही तुम्ही दिसता. नाट्यगृहात प्रेक्षक अंधारात असतो. इथे तुमचा चेहरा उजेडात असतो, आणि समोरचा कलाकार त्यावरून ठरवतो की हा राग आणखी वाढवायचा की इथेच आटपायचा. लहान मैफलीत श्रोताही मैफल घडवतो. या पानावरचे आमचे बरेचसे नियम त्यातूनच आले आहेत.

मला संगीतातलं काही कळत नाही. आलो तर चालेल का?

जरूर या. राग ओळखता येणं ही प्रवेशाची अट नाही. उलट, पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाने नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसण्यापेक्षा तंबोऱ्याजवळ बसावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. जवळून ऐकलं की पहिल्या दहा मिनिटांत काही घडत नाही असं वाटणारा विलंबित (संथ लयीतला) ख्यालही हळूहळू उलगडायला लागतो. प्रश्न असतील तर मध्यंतरात कलाकारालाच विचारा. बहुतेकांना ते आवडतं.

फक्त शास्त्रीय संगीतच असतं का?

नाही. ख्याल आणि ठुमरी असते, तशीच गझल असते, एकट्या गिटारवर स्वतःची गाणी म्हणणारी मुलं-मुली असतात, जॅझची त्रिकुटं असतात, कर्नाटक संगीताची कचेरी (तिकडची मैफल) असते, शाहिरी असते आणि कोकणी पद्धतीचं भजनही असतं. व्हायोलिन नि चेलोवर पाश्चात्त्य चेंबर संगीतही झालं आहे. चेंबर म्हणजे खोलीच, ते संगीत मुळात अशाच जागेसाठी लिहिलं गेलं.

एक प्रकार आम्ही खोलीत करत नाही: पूर्ण ड्रमकिट आणि मोठे अ‍ॅम्प्लिफायर असलेला बँड. भिंती जवळ असल्या की आवाज आदळत राहतो आणि शब्द ऐकू येत नाहीत. त्याच मंडळींना आम्ही कहोन (हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) आणि अकूस्टिक गिटार घेऊन बोलावतो. बऱ्याच वेळा ती गाणी तशीच जास्त खुलतात, कारण चाल आणि शब्द यांच्याशिवाय आधाराला दुसरं काही उरत नाही.

डबलबारीबद्दल, म्हणजे भजनाच्या सामन्याबद्दल, खास विचारणा होते. दोन बुवा समोरासमोर, प्रत्येकाची पेटी, पखवाज, झांजा आणि मागे कोरस. लालबाग-परळमध्ये कोकणातल्या चाकरमान्यांनी ही परंपरा जिवंत ठेवली आहे. घराच्या खोलीत दोन्ही बाऱ्या मावत नाहीत, म्हणून ती आम्ही सभागृहातच करतो.

हे नवीन फॅड आहे की आधीपासून चालत आलंय?

मुंबईत संगीत आधी खोल्यांमध्येच वाढलं. मोठी सभागृहं नंतर आली. १८७० मध्ये पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या सुरुवातीच्या सांगीतिक वर्षांशी तिचा संबंध आहे. भेंडीबाजारात छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ येऊन राहिले आणि त्या मोहल्ल्याच्याच नावाने घराणं झालं. गायिका अंजनीबाई मालपेकर त्याच तालमीत तयार झाल्या. प्रो. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये सुरू केलेल्या विद्यालयात कुमार गंधर्व शिकले. गिरगावात लक्ष्मी बागेच्या सभागृहात कित्येक पिढ्यांनी बैठका ऐकल्या. केनेडी ब्रिजच्या आसपास गाणाऱ्या बायकांच्या बैठकी होत्या. त्यांचं देणं मोठं आहे, आणि आपल्या गाण्याच्या इतिहासात त्यांची नावं अजून पुरेशी घेतली जात नाहीत.

शास्त्रीय सोडून बोलायचं तर ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझवादक वाजवत होते. त्यांच्या सोबतीने आणि त्यांच्यानंतर चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक पुढे आले. गिरणगावात १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. चाळीच्या चौकात, कामगारांच्या अगदी समोर उभं राहून गायलेली ती शाहिरीही जवळून ऐकायचीच कला होती.

गेल्या वीसेक वर्षांत बदललं ते एवढंच की वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकणारी माणसं आता एकाच खोलीत बसायला लागली आहेत. आम्हाला त्याचं फार अप्रूप आहे. गझलेला आलेली एक शिक्षिका पुढच्या महिन्यात जॅझला येते, आणि मुलांना घेऊन येते.

यूट्यूबवर टायनी डेस्क पाहिलं. तसंच असतं का?

थोडं तसं. वॉशिंग्टनच्या एनपीआर रेडिओच्या कार्यालयात, एका टेबलामागे २००८ पासून ही मालिका चालते. खोलीतल्या लोकांसाठी गायकाचा आवाज मोठा केला जात नाही. म्हणून वाजवणाऱ्यांना आपोआप हळू वाजवावं लागतं आणि गाणं उघडं पडतं. हे आमच्याकडेही आहे (पाहा: माइकचा प्रश्न). फरक असा की तिथे पंधरा-वीस मिनिटांत आटपतं आणि जगभर पोहोचवण्यासाठी चित्रित होतं. आमच्याकडे दोन-अडीच तास असतात आणि कॅमेरा सहसा नसतो. रागाला वेळ लागतो, आणि चुकायची मोकळीक कलाकाराला कॅमेऱ्यासमोर मिळत नाही.

पत्ता आधी का सांगत नाही?

कारण ते कुणाचं तरी राहतं घर आहे. नाव नोंदवलेल्यांना पत्ता आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेजवर येतो. जागा शेवटपर्यंत गुप्त ठेवायची पद्धत लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या सोफार साउंड्सने जगभर रूढ केली. त्यांच्या मैफली मुंबईतही झाल्या आहेत. ते कलाकारांची नावंही आधी सांगत नाहीत. आम्ही नाव आणि संगीताचा प्रकार आधी जाहीर करतो, फक्त पत्ता राखून ठेवतो. तो पुढे पाठवू नका. अनोळखी माणसं दारात उभी राहिली तर यजमान पुढच्या वेळी घर देत नाहीत.

प्रवेश फुकट असतो का? ‘ऐच्छिक देणगी’ म्हणजे किती द्यायची?

फुकट नसतो. पण पैशांअभावी कुणाला परत पाठवत नाही. आम्ही एक रक्कम सुचवतो, सहसा माणशी ५०० रुपये. विद्यार्थ्यांना त्याच्या निम्मी. ज्याला जमेल त्याने जास्त द्यावं. देणगीची पेटी दाराशी असते आणि यूपीआयचा कोडही. जमलेले पैसे चहापाणी आणि प्रवासखर्च वजा जाता कलाकारांना जातात. यजमान काही घेत नाहीत, आम्हीही नाही.

याबाबतीत आम्ही स्पष्ट बोलतो, कारण संकोचामुळे नुकसान नेहमी कलाकाराचंच होतं. ‘चांगला प्लॅटफॉर्म मिळेल’ म्हणून फुकट वाजवायला सांगणं या शहरात फार चालतं. तबल्यावर तासभर साथ करणाऱ्या मुलाने त्यासाठी दहा-बारा वर्षं रियाज केलेला असतो, आणि तो डोंबिवलीहून दोन बॅगा सांभाळत गर्दीच्या लोकलने आलेला असतो. घरच्या मैफलीत जवळीक असते म्हणून मानधन कमी, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. किमान रक्कम आम्ही आधी ठरवतो, पेटीत कमी जमलं तर फरक आम्ही भरतो आणि जास्त जमलं तर सगळं कलाकारांना देतो.

वेळेवर यायलाच हवं का? लोकलचा काही भरवसा नसतो.

दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी दार बंद होतं आणि थेट मध्यंतरात उघडतं. आलाप चालू असताना बेल वाजणं, चपला काढणं, ‘जरा सरका’ म्हणणं, या सगळ्याने खोलीची तंद्री मोडते, आणि ती पुन्हा लागायला बराच वेळ जातो. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो. निघण्याआधी त्याचं वेळापत्रक बघा. उशीर झालाच तर मेसेज करा. मध्यंतरापर्यंत बाहेरच्या खोलीत किंवा जिन्यात बसायची सोय करता येते का, ते पाहतो.

मला खाली बसता येत नाही.

नाव नोंदवताना कळवा. मागच्या भिंतीशी खुर्च्या ठेवलेल्या असतात, आणि पहिला हक्क ज्येष्ठांचा. इमारतीला लिफ्ट आहे की नाही, हे पत्त्यासोबत लिहिलेलं असतं. गिरगावच्या जुन्या इमारतींना बहुधा नसते.

दाद कधी द्यायची? मध्येच टाळ्या वाजवलेल्या चालतात का?

ख्याल-ठुमरीत चांगली जागा आली, तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर पडली, तर ‘क्या बात है’, ‘वा’ मोकळेपणाने म्हणा. टाळ्या चीज (बंदिश) संपल्यावर. आलापात मात्र आवाज न केलेला बरा. नुसती मान हलली तरी समोरच्याला कळतं. गझलेत चांगल्या शेरानंतर ‘मुकर्रर’ म्हणून तो पुन्हा मागता येतो. जॅझमध्ये एकेकाचं सोलो संपलं की लगेच टाळ्या वाजवतात, भले बाकीचे वाजवत असोत. पाश्चात्त्य चेंबर संगीतात नेमकं उलट: रचनेचे सगळे भाग संपेपर्यंत थांबतात. कर्नाटक कचेरीत बरेच श्रोते हाताने ताल धरतात. त्याची सवय नसेल तर नुसतं बघा, दोन आवर्तनांत कळायला लागेल.

लहान खोलीत खोटी दाद लगेच ओळखू येते. समजलं नसेल तर शांत बसणं ही चांगली दाद आहे. ज्येष्ठ कलाकार आम्हाला सांगतात की गाणं थांबल्यावर खोली दोन क्षण गप्प राहिली तर ते त्यांना सगळ्यात जास्त आवडतं.

फर्माईश करता येते का?

मध्यंतरात, चिठ्ठीवर, एकदाच. मानायची की नाही ते कलाकाराने ठरवायचं. संध्याकाळी सहाला कुणी तोडी मागितली तर नकारच येण्याची शक्यता जास्त (पाहा: रात्रीच्या रागांचा प्रश्न). स्वतःची गाणी म्हणणाऱ्या कलाकाराकडे दुसऱ्याचं प्रसिद्ध गाणं मागू नका. आणि भैरवी झाली की मैफल संपली. त्यानंतर ‘अजून एक’ असा आग्रह धरू नये, मग कितीही रंगलेली असो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर काय बिघडतं?

कायदा आणि शिष्टाचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३८अ प्रमाणे आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कलाकाराचा असतो. तो ५० वर्षं टिकतो. स्वतःपुरतं ऐकायला केलेल्या मुद्रणाला कलम ३९ मध्ये सूट आहे. म्हणजे घरी ऐकायला ठेवलेली क्लिप हा गुन्हा नाही. पण ती ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकणं ‘स्वतःपुरतं’ या शब्दांत बसत नाही.

आमचा नियम कायद्याहून कडक आहे: मैफल चालू असताना फोन बंद, पिशवीत. समोर चार हातांवर कुणी स्क्रीन धरून बसलं की कलाकार नवीन काही करून बघत नाही, हातखंडा तेवढंच गातो. कलाकाराची परवानगी असेल तर शेवटच्या रचनेचा फोटो काढू देतो, आणि तसं आधी सांगतो. गाणं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मुद्रणासाठी गुरूंना आणि कलाकाराला आधी विचारावं. बऱ्याचदा होकार मिळतो.

लहान मुलांना आणलेलं चालेल का?

चालेल. दाराजवळ बसा, म्हणजे कंटाळलं की बाहेर नेता येईल. दर दोन-तीन महिन्यांनी सकाळी तासाभराची मैफल मुलांसाठीच करतो. तिथे मुलांना वाद्यांना हात लावून बघता येतो.

खाणंपिणं असतं का?

मध्यंतरात चहा आणि काहीतरी साधं, बटाटेवडा किंवा इडली. दारू नसते.

आमचं घर दोन खोल्यांचं आहे. तिथे मैफल होईल का?

होईल. बारा फूट बाय पंधरा फुटांच्या खोलीत, सामान हलवलं तर पंचवीस माणसं मांडी घालून बसतात. चौरस फुटांपेक्षा घर शांत आहे का, हे जास्त महत्त्वाचं. रस्त्याकडची खिडकी आहे का, मागे कुणाचं ड्रिलिंग चालतं का, वर मुलं खेळतात का, ते त्याच वेळेला, त्याच वारी, अर्धा तास गप्प बसून ऐका. रेल्वे रुळांलगतच्या घरांतही आम्ही मैफली केल्या आहेत. गाडी जाईपर्यंत गवई थांबतात आणि मग पुढे जातात. चालून जातं.

कलाकारांची बैठक लांब भिंतीच्या मध्यावर ठेवा, कोपऱ्यात नाही. श्रोते अर्धवर्तुळात बसले की कुणीच फार लांब राहत नाही. खाली गादी, वर स्वच्छ चादर, मागे दोन लोड. मांडी घालून दोन तास बसणाऱ्याच्या कमरेला आधार लागतो. पडदे आणि सतरंज्या राहू द्या, त्या आवाजाचा घुमारा शोषतात. उघड्या भिंती आणि टाइल्स असतील तर तबला कर्कश लागतो.

मग घरातले आवाज बंद करत जा. फ्रिज मैफलीच्या आधी बंद करा, त्याची घरघर नेमकी तंबोऱ्याच्या खाली ऐकू येते. दाराची बेल काढून ठेवा. घड्याळ टिकटिकणारं असेल तर आतल्या खोलीत न्या. कुकर लावू नका. पंख्याचा प्रश्न अवघड असतो, विशेषतः एप्रिल-मेमध्ये: श्रोत्यांवरचा चालू ठेवा, कलाकारांच्या डोक्यावरचा बंद. एसी असेल तर खोली आधी गार करून गाणं सुरू होताना बंद करा. थंड झोत तंबोऱ्यावर आला की तारांचा सूर हलतो.

माइक लावायचा का?

पन्नास माणसांपर्यंत नको. तंबोऱ्याची जवारी (घोडीवर तारेला झंकार देणारी जुळणी) नीट लागलेली असेल तर तिचा झंकार खोलीभर भरतो, आणि स्पीकरमधून आलेला झंकार त्याची जागा घेत नाही. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याला आणि घोडीला आकार देऊन जे साधलं, ते असं थेट कानाने ऐकायला मिळणं आता दुर्मीळ झालं आहे.

अपवाद दोन. सारंगी, बासरी किंवा संतूरसोबत जोरकस तबला असेल तर मुख्य वाद्याला एक छोटा माइक द्यावा लागतो. आणि गायक आजारातून उठलेला किंवा वयस्कर असेल, तर त्याने मागितल्यास विनातक्रार द्या.

पावसाळ्यात मैफल ठेवावी का?

ठेवा, पण वाद्यांना वेळ द्या. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो. जुलैतल्या एका मैफलीआधी तबलजीला आम्ही जवळून बघत होतो: पुडीच्या कडेच्या एकेका घरावर (भागावर) बोटाने वाजवून बघायचं, जिथे सूर कमी तिथे हातोडीने बाजूचा लाकडी गट्ठा खाली ठोकायचा, तंबोऱ्याकडे कान देऊन पुन्हा वाजवायचं, आणि पूर्ण चक्कर झाली की पहिलं घर परत उतरलेलं. चिडचिड न करता तो हे अर्धा तास करत होता. म्हणून पावसाळ्यात कलाकारांना दीड तास आधी बोलावतो आणि त्यांना वेगळी खोली देतो, जिथे कुणी गप्पा मारायला येत नाही. ओल्या छत्र्या बाहेरच ठेवायला लावा.

कलाकारांना कसं बोलवायचं? काय काय ठरवून घ्यायचं?

फोन करा, आणि पहिल्याच संभाषणात तारीख, वेळ, श्रोते किती, मानधन किती हे सांगा. ‘तुम्हीच सांगा किती’ असं म्हणून त्यांना अवघडायला लावू नका. साथीदार त्यांनाच निवडू द्या. साथीदारांचं मानधन वेगळं आणि थेट त्यांच्या हातात द्या. गायकाची पट्टी (आधाराचा सूर) कोणती, पेटीवरची काळी दोन की पांढरी चार, हे तबलजीला आधी कळलं पाहिजे, म्हणजे तो योग्य तबला घेऊन येतो.

वाहनाची सोय तुम्ही करा. तंबोरा लोकलमध्ये नेणं धोक्याचं, आणि रिक्षा वांद्रे-शीवच्या पुढे दक्षिणेला येत नाहीत. ठाण्याहून गिरगावला येणाऱ्यांसाठी पूर्ण टॅक्सीचं भाडं धरा, परतीचंसुद्धा. जेवणाचं विचारा: बरेच गायक आधी जेवत नाहीत, नंतर गरम काहीतरी हवं असतं. मानधन त्याच रात्री, निघण्याआधी, पाकिटात द्या. ‘उद्या ट्रान्सफर करतो’ नको.

रात्री दहाचा नियम घरातल्या गाण्यालाही लागू आहे का? शेजाऱ्यांनी तक्रार केली तर?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकरच नाही, तर वाद्यांवरही बंधन आहे. सभागृहांसारख्या बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहत असेल तर सूट आहे. खासगी जागेतला आवाज तिच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. निवासी भागात ती मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्रीचे ४५ म्हणजे फारच कमी. म्हणून आम्ही साडेनऊला भैरवी घेतो.

गच्चीवर तर जास्तच जपा. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंतचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. धोबीतलावच्या ज्या रंगभवनात १९७८ ला पहिली जॅझ यात्रा (जॅझचा महोत्सव) झाली, ते उघडं नाट्यगृह याच कारणाने बंद पडलं. त्या नियमाबद्दल आमची तक्रार नाही, आजारी माणसाची झोप मोठी आहे. पण शहराने त्या बदल्यात दुसरी तशी जागा उभी केली नाही, याचं दुःख आहे.

शेजाऱ्यांचा उपाय सोपा: आठवडाभर आधी सेक्रेटरींना सांगा, वरच्या-खालच्या-बाजूच्या घरी स्वतः जाऊन वेळ सांगा आणि त्यांना बोलवा. दर वेळी एक-दोघं येतातच.

मग दरबारी, मालकंस असे रात्रीचे राग ऐकायचे कधी?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि त्याचं समाधानकारक उत्तर नाही. पूर्वी मैफली रात्रभर चालत आणि श्रोते पहाटेच्या पहिल्या गाडीने घरी जात. आता दहाच्या आत आटपायचं म्हणजे यमन, पूरिया, मारवा, बागेश्री यांच्यावरच भर. मध्यरात्रीनंतरचे राग बंदिस्त सभागृहात ऐकता येतात, पण शेवटच्या लोकलची घाई तिथेही असतेच. सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस बहुधा गणपती-नवरात्रात जातात.

सकाळ मात्र मोकळी आहे. पंचम निषाद या संस्थेच्या ‘प्रातःस्वर’ मालिकेने प्रभादेवीला भल्या सकाळी गाणं ऐकायची गोडी अनेकांना लावली. आम्हीही रविवारी सकाळी सातला ललत, भैरव, देसकार अशा मैफली करतो, आणि दुपारी तीनला भीमपलास-मुलतानी. दुपारच्या मैफलीला आधी कुणी यायला तयार नसायचं, आता तिथल्या जागा आधी भरतात. मालकंस संध्याकाळी सातला गावा का, यावर कलाकारांची मतं वेगळी आहेत. आम्ही निर्णय त्यांच्यावर सोडतो.

घरच्या मैफलीला परवाना लागतो का? दुसऱ्याची गाणी म्हटली तर कॉपीराइटचं काय?

ओळखीच्यांना घरी बोलावून गाणं ठेवणं हा खासगी कार्यक्रम. जाहिरात करून सगळ्यांना तिकीट विकायला लागलात की तो जाहीर कार्यक्रम ठरतो आणि पोलिसांच्या परवान्यापासून सगळं सुरू होतं. तसं करायचं तर रीतसर सभागृह घ्या.

गीत आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. जाहीर कार्यक्रमात अशी गाणी म्हणायची तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या आयपीआरएसकडून परवाना घ्यावा लागतो. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे. लोक हमखास अडखळतात ती जागा अशी: तुकोबांचा अभंग सर्वांचा, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने त्याला लावलेली चाल अजून हक्काखाली असू शकते. पारंपरिक बंदिशींना ही अडचण नाही. कराओके ट्रॅक वापरायचा असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क पुन्हा वेगळा.

तिकीट लावलं तर जीएसटी भरावा लागतो का?

संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराने घेतलेलं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही माफी आहे. गिटारवर स्वतःची गाणी म्हणणारा कलाकार त्या दुसऱ्या सवलतीत येत नाही, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच लागत नाही. नियमितपणे कार्यक्रम करणार असाल तर सीएला एकदा दाखवून घ्या.

मैफल ऐनवेळी रद्द झाली तर?

कलाकार आजारी पडले तर आम्ही बदली कलाकार आणत नाही. श्रोत्यांना पैसे परत करतो किंवा पुढच्या तारखेला वळते करतो, जसं ते सांगतील तसं. पावसाने गाड्या बंद पडल्या आणि आम्हालाच रद्द करावं लागलं, तर श्रोत्यांचे पैसे परत जातात आणि कलाकार-साथीदारांना ठरलेल्या किमान रकमेचा अर्धा भाग त्याच दिवशी पाठवतो, कारण ती संध्याकाळ त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलेली असते. तुम्ही येणार नसाल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. प्रतीक्षायादीत कायम कुणीतरी असतंच.